सोडलेला घास कोणाचा?

२०२५ सालच्या लेंतकाळाच्या आरंभीची, म्हणजे ५ मार्चच्या राखेच्या बुधवारची गोष्ट. सायंकाळी आमच्या विभागातील एका खेड्याच्या मंडळीचे उपदेशक आम्हांकडे आले. मुद्रेवरून ते काही अडचणीत आहेत असे दिसले. पाणी प्याल्यावर त्यांनी हकीकत सांगितली ती अशी. त्यांच्या मंडळीतील पाच मुले तालुक्याच्या गावी कॅथलिक सिस्टरांनी चालविलेल्या प्राथमिक शाळेत जातात. शाळेची शिस्त चांगली, शिकवणे मनापासूनचे आणि फी झेपण्याजोगी. म्हणून आईबापांनी ती शाळा पत्करली. त्या दिवशी पाचांपैकी एक मुलगा, इयत्ता तिसरीतला, कपाळावर राख लावून घरी आला. आजीने ती पाहताच पदराने पुसून काढली व म्हटले, "आरं, अंगारा, बुक्का समदं सोडून आपण प्रभूकडं आलो ना? मग ह्ये माघारी कशापायी आणलंस?"

मुलगा रडू लागला. रडता रडता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ईस्टरपर्यंत आपण गोळ्या व बिस्किटे खाणार नाही, ते पैसे वर्गातील डब्यात टाकावयाचे आहेत, आणि वर्गातील सर्वांनी तसे ठरविले आहे. हे ऐकून बाप चिडला. तो म्हणाला, "सर्वांनी ठरविले म्हणून तू सोडणार! मग तो उपास तुझा कसला? तो शाळेचा उपास झाला."

उपदेशकांनी आम्हांस दोन प्रश्न केले. आपल्या मुलांनी राख लावून घ्यावी काय, हा पहिला. दुसरा त्या बापाचा: दुसऱ्याच्या सांगण्यावरून आणि चारचौघांबरोबर सोडलेला घास हा खरा त्याग होतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, सबब ते आधी देतो. दुसऱ्याचे उत्तर शोधिताना मात्र आमचीच झाडाझडती झाली. ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

राखेविषयी आमच्या लोकांस जी धास्ती वाटते ती निष्कारण नाही. आपल्या गावात कपाळी राख लावणे ह्याचा एक ठरलेला अर्थ आहे. मूल आजारी पडले, नजर लागली, वाट अंधारी असली की अंगारा लावितात. आणि त्याने रक्षण होते अशी समजूत आहे. ज्या घराने मोठ्या कष्टाने ती समजूत सोडली, त्या घरातील आजीस नातवाच्या कपाळी राख पाहून धक्का बसला, तर तिला हसू नये. परंतु ह्या राखेचा अर्थ निराळा आहे. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी हाती धरलेल्या झावळ्या वाळवून जाळितात व त्यांची राख करितात. ती लाविताना फादर एक तर मनुष्य मातीचा आहे व मातीसच मिळणार आहे ह्याची आठवण देतात, नाही तर पश्चात्ताप करून सुवार्तेवर विश्वास ठेवण्यास सांगतात. अंगारा म्हणतो, तुला काही होणार नाही. ही राख म्हणते, तू एक दिवस मरणार आहेस. जी वस्तू रक्षणाचे वचनच देत नाही, तिची भीती बाळगण्याचे कारण नाही. कॅथलिक मंडळी तिला संस्कार मानीत नाही; ती केवळ खूण आहे.

तथापि खूण समजल्यावाचून घेऊ नये. आपल्या देशाच्या संविधानाच्या अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणासही धर्मशिक्षणास वा उपासनेस त्याच्या संमतीवाचून बसविता येत नाही. मूल अज्ञान असल्यास पालकाची संमती लागते. तेव्हा आईबापांनी आपसांत शांतपणे ठरवावे आणि शाळेस नम्रपणे कळवावे. लावू द्यायची तर अर्थ सांगून लावू द्यावी. नको असेल तर तसे सांगावे, सिस्टर रागावणार नाहीत. परंतु लावून आलेल्या मुलाच्या कपाळावरून ती तुच्छतेने पुसू नये. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात जे सांगितले आहे, त्याचा मथितार्थ इतकाच की, खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोष लावू नये. राखेसही तोच नियम लागू आहे.

आता दुसरा प्रश्न. तो मनात घेऊन आम्ही पुढे एका शुक्रवारी त्या शाळेत स्वतः गेलो. उन्हाळा लागल्यामुळे शाळा सकाळची होती. मुले पटांगणात रांगा करून उभी होती. त्यांत बहुसंख्य हिंदू घरांतील, काही मुसलमान, आणि ख्रिस्ती थोडी. त्या वर्षी रमजानही २ मार्चला सुरू झाला होता. चौथीतील एक मुलगा मोठ्या अभिमानाने सांगत होता की, त्याच्या थोरल्या भावाचे सगळे रोजे चालले आहेत. प्रार्थनेनंतर कॅथलिक मुले देवळाच्या आवारात क्रुसाची वाट करण्यास गेली. ही म्हणजे प्रभूच्या दुःखसहनाची चौदा स्थाने. प्रत्येक ठिकाणी थांबून प्रार्थना करावयाची. तेवढ्या वेळात इतर मुले रिकामी नव्हती. कोणी रोपांना पाणी घालीत होती, कोणी पहिलीच्या मुलांच्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे लावीत होती. मधल्या सुट्टीत डबे उघडले, तेव्हा कोणाची भाकरी, कोणाची चपाती, कोणाचा नुसता भात, असे सगळे मधे आले, आणि पाहता पाहता कोणाचे काय होते हे ओळखू येईनासे झाले. चौथीची मुले पहिलीच्या मुलांचे हात धुवून देत होती. हे सर्व पाहून, एकत्र राहणे ही काय वस्तू आहे ह्याचा धडा ह्या मुलांस पुस्तकावाचून मिळत आहे, असे आम्हांस वाटले.

मुख्याध्यापिका सिस्टरांपुढे आम्ही त्या बापाचा प्रश्न ठेविला. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, आमच्या मंडळीच्या नियमाने ह्या मुलांवर काहीच बंधन नाही." आम्हांस आश्चर्य वाटले, कारण आमची समजूत उलट होती. त्यांनी सांगितले ते, आम्ही पुढे पडताळून पाहिले, खरे निघाले. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधीप्रमाणे सात वर्षे पुरी झालेल्या मुलांसही ठरलेल्या दिवशी मांस वर्ज्य होते. १९६६ साली पोप सहावे पौल ह्यांनी ते वय चौदा केले, आणि १९८३ च्या धर्मविधीत तेच कायम राहिले. उपासाचे बंधन अठरा वर्षे पुरी झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, आणि तेही वर्षातून दोनच दिवशी, राखेच्या बुधवारी व उत्तम शुक्रवारी. त्याच १२५२ व्या कलमात पुढे असे आहे की, ज्या मुलांस बंधन नाही त्यांस पश्चात्तापाचा खरा अर्थ शिकविण्याची काळजी पाळकांनी व आईबापांनी घ्यावी. "तेव्हा आम्ही उपास करवीत नाही," सिस्टर म्हणाल्या, "उपास शिकवितो. पण शिकविताना आम्हीही चुकलो आहोत." असे म्हणून त्यांनी मेजाच्या खणातून एक खडा काढून आम्हांपुढे ठेविला. खडा सुपारीएवढा होता.

त्याची कथा अशी. काही वर्षांमागे प्रत्येक वर्गात एक पत्र्याचा डबा ठेवीत. सकाळी हजेरीच्या वेळी मुलांनी एकेक येऊन आपल्या खाऊचे पैसे त्यात टाकावयाचे. पैसे पडल्याचा आवाज सर्वांस ऐकू येई. ईस्टरच्या आधी डबे तोलीत, आणि ज्या वर्गाचा डबा जड त्या वर्गास निशाण मिळे. मुलांस हुरूप यावा हाच हेतू होता. एका वर्षी डबा उघडला तेव्हा नाण्यांत हे खडे निघाले, एक नव्हे, बरेच. चौकशी केली तेव्हा एका मुलीने रडत कबूल केले. तिचे आईबाप ऊसतोडीस जाणारे. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ते कारखान्यावर जात, ते पाडव्याच्या सुमारास परत येत. तोवर ती आजीजवळ असे. सिस्टरांनी तिला फीवाचून ठेविले होते. तिला खाऊचे पैसे मिळतच नव्हते, मग ती सोडणार काय? परंतु रोज सर्वांदेखत डब्यापाशी रित्या हाताने जाणे तिला झेपले नाही. आवाज व्हावा म्हणून ती खडा टाकीत असे.

सिस्टर म्हणाल्या, "आम्ही भुकेल्यांसाठी डबा ठेविला होता, आणि भुकेली मुलगी आमच्याच वर्गात होती. तिला आम्ही देणाऱ्यांच्या रांगेत उभे केले. त्या वर्षीचा माझा पश्चात्ताप हाच." ह्यापुढे आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

तो खडा आम्ही मनात घेऊन घरी आलो, आणि त्या बापाच्या प्रश्नाचा विचार करू लागलो. तेव्हा दिसले की, बाप अर्धा बरोबर आहे. आणि ज्या अर्ध्या भागात तो बरोबर आहे तो भाग मोठ्या तोलाचा आहे.

प्रभूने डोंगरावरील प्रवचनात दान, प्रार्थना व उपास ह्या तिहींविषयी एकच सूचना केली की, ही माणसांस दिसावी म्हणून करू नयेत. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात हे स्पष्ट आहे. डब्यातील नाण्याचा आवाज सर्वांनी ऐकावा अशी योजना झाली, की दान त्या आवाजापुरतेच उरते. आणि ज्यापाशी नाणे नाही तो खडा शोधू लागतो. ढोंग नेहमी दुष्ट माणसेच करितात असे नाही. पुष्कळदा चांगल्या माणसांनी घातलेला नियम दुबळ्या माणसास ढोंगात लोटतो. म्हणून उपासास नियमाच्या जोरावर उभे करणाऱ्याने फार जपावे.

आमच्या सुधारलेल्या मंडळ्यांच्या इतिहासाचा आरंभही ह्याच वादातून एका परीने झाला आहे. १५२२ साली झुरिक शहरात, लेंतकाळाच्या पहिल्या रविवारी, फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी काही लोकांनी मांस खाल्ले. छापखान्यात रात्रंदिवस राबणाऱ्या माणसांस अंगात बळ राहावे म्हणून ते दिले, असा त्याचा बचाव होता. नगरसभेने त्यास पकडले. तेव्हा झ्विंग्ली ह्यांनी प्रवचन करून त्याची बाजू घेतली. त्याचे तात्पर्य असे की, ज्यास उपास करावयाचा त्याने करावा, मांस सोडावयाचे त्याने सोडावे, परंतु देवाने जे बंधन घातले नाही ते मनुष्याने ख्रिस्ती माणसाच्या मनावर लादू नये. ह्या प्रसंगातील एक गोष्ट आमचे लोक विसरतात. त्या पंगतीस झ्विंग्ली स्वतः हजर होते, पण त्यांनी मांस खाल्ले नाही. त्यांनी दुसऱ्याची मोकळीक राखिली आणि स्वतःचा संयमही राखिला. त्यांच्या मागून आलेल्या कॅल्विन ह्यांनी लेंतकाळाच्या भोळसट पाळणुकीवर कडक टीका केली. पण त्याच ग्रंथात त्यांनी असेही लिहिले की, साथ, दुष्काळ, युद्ध अशा संकटकाळी पाळकांनी मंडळीस एकत्र उपासास व प्रार्थनेस बोलवावे.

आता आम्ही स्वतःस विचारिले: आमच्या वाडवडिलांनी आम्हांस उपास करावा की न करावा ही मोकळीक मिळवून दिली, आम्ही तिचे काय केले? खरे बोलावयाचे तर, आम्ही बंधनाबरोबर उपासही टाकून दिला. मोकळीक म्हणजे सुटी असा अर्थ आम्ही केला. १९७० साली स्थापन झालेल्या उत्तर भारताच्या मंडळीत ज्या परंपरा एकत्र आल्या, त्यांपैकी अँग्लिकन परंपरेच्या मंडळ्या लेंतकाळ पाळीत आल्या आहेत. त्यामुळे आता आमच्या पुष्कळ गावी लेंतकाळाची प्रवचने होतात. परंतु प्रवचन ऐकून आम्ही घरी जातो आणि नेहमीप्रमाणे जेवतो. तिसरीतला एक मुलगा बिस्किट सोडतो, तेव्हा त्याचा उपास खरा की खोटा ह्याची परीक्षा करावयास आम्ही पुढे होतो. ज्याने स्वतः काहीच सोडले नाही, त्यास ही परीक्षा घेण्याचा अधिकार कितपत आहे?

कोणी म्हणेल, उपास आम्ही सोडला तो विचार करून सोडला. आमच्या पूर्वीच्या घरी एकादशी होती, सोमवार होता, चतुर्थी होती. उपास केला की पुण्य पदरी पडते असा हिशेब होता. आणि "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण त्याच घरांतील लोकांनी स्वतःवर हसून केलेली आहे. तारण कृपेने मिळते, कमाईने नव्हे, हे कळल्यावर तो हिशेब संपला. हे म्हणणे खरे आहे, आणि ते कोणीही सोडू नये. परंतु ज्या घरी पुण्याचा हिशेब सुटला, त्या घरी शेजाऱ्याचा हिशेबही सुटला काय? मांस सोडून महाग मासळी आणणारा कॅथलिक, उपासाच्या दिवशी दुप्पट खाणारा, आणि कृपेच्या नावाखाली काहीच न सोडणारा प्रॉटेस्टंट, ह्या तिघांच्या दाराशी उभ्या राहिलेल्या उपाशी माणसास तिघांत फरक काय दिसेल?

आता बापाच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. सर्वांबरोबर सोडले म्हणून ते आपले नव्हे, हे म्हणणे आम्हांस पटत नाही. शेतकऱ्याने विचार करावा. नवा गोऱ्हा औतास धरावयाचा असला, तर त्यास कोणी एकटा जुंपीत नाही. शिकलेल्या बैलाच्या जोडीस जुंपितो. आरंभी तो ओढीत नाही, नुसता चालतो. ओढतो तो जोडीदार. म्हणून गोऱ्ह्याचे चालणे खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. चालता चालताच त्याच्या खांद्यास ओढणे कळते. आपण मुलास जेवणाआधी देवाचे आभार मानावयास शिकवितो, ते त्यास कृतज्ञता कळल्यावर नव्हे. ते शब्द म्हणता म्हणताच ती त्यास कळते. पवित्र शास्त्रातही एकट्याच्या गुप्त उपासाबरोबर सर्वांचा उघड उपास आहे. निनवेत राजापासून गुराढोरांपर्यंत सर्वांनी उपास केला असे योनाच्या पुस्तकात आहे, आणि योएल संदेष्टा तर उपासाच्या सभेस मुलांसह अंगावर पिणारी बाळेही आणावयास सांगतो. त्या बाळांनी विचारपूर्वक पश्चात्ताप केला असेल काय? तरी देवाने त्यांस बाहेर ठेविले नाही. कॅथलिक मंडळीच्या व्हॅटिकन धर्मसभेनेही १९६३ साली उपासनेविषयीच्या लेखात सांगितले की, लेंतकाळाचा पश्चात्ताप आतला व एकेकट्याचा असावा तसाच बाहेरचा व समाजाचाही असावा. हे मत कॅथलिकांचे म्हणून टाकून देण्याजोगे आम्हांस वाटत नाही.

मात्र जू हे शिकविण्याचे साधन होय. तेच पीक नव्हे. मग जू चांगले की वाईट हे कसे ओळखावे? आमच्या मते तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, त्यात मोकळीक आहे काय: ज्यास नको त्यास शिक्षा अथवा लाज न होता बाजूस राहता येते काय? दुसरी, त्यात झाकण आहे काय: कोणी किती दिले हे देवावाचून इतरांस कळत नाही ना? तिसरी, आणि ही सर्वांत मोठी, सोडलेला घास शेवटी कोठे जातो?

ह्या तिसऱ्या प्रश्नानेच बापाच्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते. तो विचारतो, हा उपास माझ्या मुलाचा की शाळेचा? पण सोडलेला घास मुलाचाही नव्हे आणि शाळेचाही नव्हे. ज्या क्षणी तो सोडला त्या क्षणापासून तो भुकेल्याचा झाला. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवास आवडणाऱ्या उपासाचे जे वर्णन आहे, त्यात पोट रिते ठेवण्यावर भर नाही. आपली भाकर भुकेल्यास वाटून देणे, निराश्रितास घरी आणणे, उघड्यास वस्त्र देणे, जुलमाचे जू मोडणे, ह्यांवर आहे. पहिल्या मंडळ्यांनी हे अक्षरशः घेतले. दुसऱ्या शतकात आथेन्सच्या आरिस्तिदेस ह्याने रोमी बादशहापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडिताना लिहिले की, त्यांच्यात कोणी गरजू असला आणि त्यांच्यापाशी पुरेसे नसले, तर ते दोन-तीन दिवस उपास करून त्यास अन्न पुरवितात. त्याच शतकातील 'हर्माचा मेंढपाळ' ह्या ग्रंथात उपासाच्या दिवशी न खाल्लेल्या अन्नाची किंमत मोजून ती विधवेस, पोरक्यास वा गरजूस द्यावी असे सांगितले आहे. हे लोक कॅथलिकही नव्हते आणि प्रॉटेस्टंटही नव्हते. ती वाटणी पुष्कळ शतकांनंतरची. तेव्हा हा ठेवा दोघांचा आहे.

आमच्या काळातही हे जागे झाले आहे. जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी १९५८ साली मिझेरिओर नावाचे लेंतकाळाचे दानकार्य सुरू केले. १९६० साली इंग्लंडातील कॅथलिक स्त्रियांनी कुटुंबाचा उपासदिन पाळून वाचलेले पैसे दूरच्या मातांसाठी व बाळांसाठी धाडिले. १९७३ पासून आयर्लंडात त्रोकेरा संस्थेचा पुठ्ठ्याचा डबा लेंतकाळी घराघरांत व शाळांत जातो. अमेरिकेतील अ‍ॅलनटाउन गावी १९७५ साली आफ्रिकेतील दुष्काळ पाहून भाताच्या वाडग्याची योजना निघाली. त्या तिसरीतल्या मुलाचा डबा ह्याच कुळातला आहे.

आणि हे केवळ कॅथलिकांस व गोऱ्या देशांसच साधते असे कोणी समजू नये. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीतील स्त्रियांनी १९१० साली एक रीत घातली. स्वयंपाकाच्या वेळी भांड्यात तांदूळ घालण्याआधी त्यांतील एक मूठ बाजूस काढावयाची व ती मंडळीस द्यावयाची. त्या बाया श्रीमंत नव्हत्या. पण मूठ प्रत्येकीपाशी होती. शंभराहून अधिक वर्षे ही रीत चालत आली, आणि तिच्यावर त्या मंडळीचे मोठे काम उभे राहिले. त्या मुठीत तिन्ही गोष्टी आहेत: ती कोणी जबरीने घेत नाही, स्वयंपाकघरात काढली जाते म्हणून कोणी पाहत नाही, आणि ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

परंतु ती खडा टाकणारी मुलगी अजून उभीच आहे. जिच्यापाशी मूठही नाही, तिने काय सोडावे? आमचे उत्तर असे: अन्नातले काहीही नाही. पोटभर न मिळणाऱ्यास उपासाचा उपदेश करणे हा अपराध आहे. उन्हात राबणारा मजूर, गरोदर व अंगावर पाजणारी बाई, आजारी, म्हातारे आणि वाढते मूल ह्यांनी जेवण सोडू नये, व कोणी त्यांस सोडावयास लावू नये. उपासाची हाक भरल्या ताटास आहे. तथापि गरिबास केवळ घेणाऱ्याच्या जागी बसवू नये. त्यानेही त्याचा मान जातो. शेजाऱ्याशी धरलेला अबोला तोही सोडू शकतो, आणि दुसऱ्याचे मूल सांभाळून तोही देऊ शकतो. ह्या दानास आवाज नसतो म्हणून ते थोडके ठरत नाही. त्या शाळेत आता डबे तोलीत नाहीत व निशाणही देत नाहीत. लहान खोलीत एक मडके ठेविले आहे. ज्यास वाटेल त्या मुलाने एकट्याने आत जावे व बाहेर यावे. आत त्याने पैसा टाकला, धान्य टाकले, की नुसती प्रार्थना केली, हे कोणी विचारीत नाही. त्या मडक्यातील पहिला वाटा शाळेतल्याच गरजू मुलांच्या डब्यांसाठी जातो. सिस्टर म्हणाल्या की, पूर्वीपेक्षा पैसे कमी जमतात. आम्हांस वाटते, दान वाढले आहे.

उपदेशक बंधूंस आमची विनंती अशी. येत्या लेंतकाळी राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आपल्या मंडळीत मुठीची रीत घालून पाहा. ज्यांच्या घरी दोन वेळचे आहे त्यांनी स्वयंपाकाआधी एक मूठ ज्वारी, बाजरी वा तांदूळ बाजूस काढावे. कोणाचे किती, ह्याची वही ठेवू नका. नावे वाचून दाखवू नका. सर्व एका पोत्यात ओता. ते धान्य कोणास जावे हे मंडळीच्या दोन-तीन शहाण्या वडिलांनी गुपचूप ठरवावे, आणि देताना जात वा धर्म पाहू नये. हे करून तारण मिळते असे कोणास वाटू देऊ नका. तारण मिळाले आहे, म्हणून हात उघडतो.

त्या बापास उपदेशकांनी आमचे म्हणणे जाऊन सांगितले. तो म्हणाला, "पोराने बिस्किट सोडले, तर मी तंबाखू सोडून पाहतो." त्याने ते किती दिवस पाळले हे आम्ही विचारिले नाही. आजी मात्र मुठीचे ऐकून गप्प झाली. मग म्हणाली की, तिची सासू दळावयास बसली म्हणजे पहिली मूठ देवाची म्हणून गाडग्यात टाकीत असे, आणि रविवारी ते गाडगे प्रार्थनामंदिरात नेत असे. जाते गेले, गिरणी आली, आणि ते गाडगे कोठे गेले हे कोणास आठवत नाही.

वाचकहो, ते गाडगे आमच्या पुष्कळ घरांत होते. ते आम्ही कॅथलिकांपासून घेतले नव्हते, आणि कोणी आम्हांपासून हिरावूनही नेले नाही. आम्हीच ते ठेवून दिले. ते पुन्हा चुलीपाशी आणून ठेवण्याची सद्बुद्धी प्रभू आम्हां सर्वांस देवो.